कौतिका गेली तेव्हा

"मॅडम, एक विचारू का?" मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "त्या कवितेतली कौतिका खरंच मेली होती, की ते फक्त कवितेपुरतं आहे?"

सभागृहात हशा पिकला. प्राध्यापकांनी मागे वळून डोळे वटारले. मी नुकतीच 'गंजी' ही कविता वाचून संपवली होती. पांढरकवड्याच्या पुढे, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावातल्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना ही कविता अभ्यासाला होती, आणि म्हणूनच मला नागपूरहून बोलावून घेतलं होतं. प्रश्न मला नवा नव्हता. कवितेतलं किती खरं, हे कुठेही गेलं तरी कोणीतरी विचारतंच.

"खरंच मेली," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर. आम्ही दोघी तेव्हा तिसरीत होतो. लहानपण कुठे संपलं हे पुष्कळांना सांगता येत नाही. मला जागा दाखवता येते."

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोलले होते की ते आता आपोआप तोंडातून बाहेर पडायचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी मात्र बसली नाही. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग शेजारणीने ओढणी ओढली तशी खाली बसली.

कार्यक्रम आटोपल्यावर प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. प्राचार्य त्यांच्या कॉलेजच्या नव्या इमारतीबद्दल सांगत होते. दारात तीच मुलगी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझी आई बाहेर बसली आहे. तुम्हाला भेटायचं म्हणते. आणू का आत?"

"प्रणिता, मॅडम दमल्यात," प्राचार्य म्हणाले.

"येऊ द्या की," मी म्हटलं. खेड्यापाड्यांत बाया अशा भेटायला येतात. कोणाला सही हवी असते, कोणाला लेकीच्या नोकरीचं बोलायचं असतं.

आत आली ती माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी थकलेली बाई. काठापदराची हिरवी सुती साडी, केस पिकलेले, चालताना श्वास लागत होता. ती खुर्चीवर टेकली आणि आधी नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"वैजू, तुया केसाले कायले लावते वं हे काळं?"

घरातली सोडून मला वैजू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, आणि घरातलीही आता कोणी उरली नव्हती. मी कप खाली ठेवला.

"मी कौतिका," ती म्हणाली. "किसन मेश्रामची पोट्टी. जिनिंगमंधली."

पुढे जे सांगायचं आहे, त्यासाठी आधी कवितेतली गोष्ट सांगायला हवी. माझे वडील, अण्णा, आर्वीकडच्या एका जिनिंगमध्ये व्यवस्थापक होते. जिनिंगच्या आवारातच आमचं घर. कौतिकाचे आईबाप तिथेच रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कामाला. कापसाच्या हंगामात मजूर मागच्या चाळीत राहायला येत. कौतिकाचं कुटुंब मात्र बारा महिने तिथेच असायचं. ती आणि मी एका शाळेत, एका बाकावर. आईला ते फारसं पसंत नव्हतं, पण अण्णा म्हणायचे, पोरींना पोरी लागतात.

जिनिंगच्या आत मोठ्या शेडमध्ये कापसाची गंजी रचलेली असायची, मधोमध छपराला टेकेल एवढी आणि कडेला उतरत आलेली. शेडला एका बाजूने अर्धी भिंत होती. त्या भिंतीवर चढायचं आणि गंजीवर उडी टाकायची, हा आमचा चोरून खेळ. पोरांनी शेडमध्ये यायचं नाही, असा अण्णांचा सक्त हुकूम होता. पण दुपारी मजूर शिदोऱ्या सोडून बसले की तिकडे कोणाचं लक्ष नसे.

त्या दुपारी आम्ही भिंतीवर चढलो. "आधी तू," मी म्हटलं. कौतिकाने उडी मारली. रोज कंबरेपर्यंत बुडायची, हसत वर यायची. त्या दिवशी रेच्यांसाठी खालून कापूस ओढून घेतलेला होता. वरून गंजी भरलेली दिसत होती, आतून पोकळ. ती गेली ती आतच गेली. वर कापूस मिटला. आवाजसुद्धा झाला नाही.

मला ओरडताच आलं नाही. किती वेळ मी भिंतीवर तशीच उभी होते, कोण जाणे. मग कोणीतरी मला पाहिलं आणि हाकाटी झाली. मजूर धावत आले, अण्णा धावत आले. आणि मग मी जे पाहिलं ते कवितेत आहे. अण्णा गंजीकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि मजुरांवर ओरडले, "मागे व्हा. कोणी पुढे यायचं नाही. मागे व्हा." कौतिकाची आई त्यांच्या हाताखालून निसटायला बघत होती, त्यांनी तिला ढकललं. तेवढ्यात आमच्याकडे काम करणाऱ्या जनाबाईने मला भिंतीवरून उतरवून घेतलं, माझं तोंड पदरात लपेटलं आणि घरी नेलं.

मला ताप भरला. तापात मी कौतिकाला हाका मारत होते म्हणे. ताप उतरल्यावर मी आईला विचारलं, "कौतिका कुठे आहे?" आई माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती म्हणाली, "ती गेली, बाळा. आता तिचं नाव काढायचं नाही." दाराशी अण्णा उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मग घरात ते नाव कोणी काढलं नाही. त्याच महिन्यात मला नागपूरला मावशीकडे शिकायला पाठवलं. पुढच्या हंगामाआधी अण्णांनी ती नोकरीही सोडली. मला वाटलं, मालकांनी प्रकरण दाबलं आणि यांनाही दूर केलं. मोठी होत गेले तसतसं ते पसरलेले हात, ती पाठ, ते "मागे व्हा" मला जास्त जास्त कळायला लागलं. एका मजुराची पोर कापसात गुदमरत होती आणि माझा बाप मालकाचा माल सांभाळत उभा होता. माझी पहिली कविता याच रागातून आली. पुढच्या बहुतेक कविताही त्याच शेडमधून आल्या. लग्न, मूल या गोष्टींकडे मी फिरकले नाही. ज्या मुलीला मी "आधी तू" म्हटलं, तिला जे मिळालं नाही ते आपण कशाला घ्यायचं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. कवितांमधून मात्र ते सगळ्यांना कळत होतं, आणि लोक त्याचं कौतुक करत होते.

आणि आता ती माझ्या समोर खुर्चीत बसून बशीत चहा ओतत होती.

प्राचार्य अस्वस्थ होऊन बाहेर गेले. प्रणिता आईच्या मागे उभी राहिली.

"शक्य नाही," मी म्हटलं.

"मलेही तसंच वाटलं," कौतिका म्हणाली. "पोट्टी घरी मोठ्यानं वाचत बसली होती. म्हने, आई, ह्याच्यात तुयं नाव हाये. म्हटलं, असंन दुसरी कोनी. मंग जिनिंग आलं, भित आली, अण्णा आले. मंग मी रोटी टाकाची थांबली आन म्हटलं, पह्यलेपासून वाच."

"तू गंजीत..."

"गेली होती ना आत. नाकातोंडात कापूस. आंधार. मंग काई आठवत नाई." तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. प्रणिताने पाणी दिलं. "हे तवापासूनच हाये," ती म्हणाली. "डाक्टर म्हन्ते, छातीत राह्यलं काईतरी."

"मग बाहेर कोणी काढलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची थट्टा करतेय.

"तुया बापानं. अजून कोन काढन?"



"माही माय सांगे," कौतिका म्हणाली. "सारे मजूर गंजीवर चढाले पाहत होते. अण्णा म्हने, चढू नका, तुमच्या वजनानं पोट्टी खाली दबन. त्यायनं साऱ्यायले मांगं केलं. मायलेबी लोटलं. मंग एकटे पोटावर निजून, हातानं कापूस वढत वढत आत गेले. दोरी बांधून घेतली होती कमरीले. मायनं सांगतलं, ते बाह्यर आले तं वळखू येत नव्हते, तोंडभर रुई. मले खांद्यावर घेतलं अन उभ्या असलेल्या टरकात घालून दवाखान्यात नेलं. मले हुशारी आली तं ते खाटेपाशी होते. त्यायले खोकला लागला होता."

अण्णांचा खोकला मला आठवत होता. मी तो विडीचा समजत आले होते, पण विडी ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आई म्हणाली, कौतिका गेली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"गेलोच ना मंग. दवाखान्यातून सुट्टी झाली अन शेटजीनं सांगतलं, हे कुटुंब आता इथं नको. पोरगी मेली असती तं जिनिंगले कुलूप लागलं असतं. अण्णायनं लय हात जोडले म्हने, पन शेट ऐकला नाई. मंग अण्णायनंच अदिलाबादच्या जिनिंगमंधी वळख काढली अन आमाले गाडीत बसवून देल्लं. मी रडत होती, वैजूले भेटाचं म्हनून. अण्णा म्हने, तिले ताप हाये, बरी झाली की आनतो."

ती गेली. आईने खोटं सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीने कापूस मिटताना पाहिला होता, आणि तिने त्या शब्दाचा तिला ठाऊक असलेला अर्थ घेतला होता. मग मोठी झाल्यावरही तो तपासून पाहिला नव्हता. कोणाला विचारूनही पाहिलं नव्हतं, कारण ते नावच काढायचं नव्हतं.

"माही शाळा तिथंच सुटली," कौतिका सांगत होती. "तिकडे तेलगू शाळा. दोन रोज गेली, मंग मायसंगं सरकी वेचाले जाऊ लागली. पन अण्णा इसरले नाईत. माह्या लग्नाले आले होते. कोनाकडून कळलं कोन जाने. मांडवात येऊन बसले, जेवले. जाताना मले म्हने, आता इथून सीदा नागपूरले जातो, वैजूले सांगतो. लय खूश होईन म्हने ते."



"कधी झालं तुझं लग्न?"

"उन्हाळ्यात. लोकायच्या विहिरी आटल्या होत्या त्या साली."

त्या उन्हाळ्यात मी वसतिगृहात होते, परीक्षा सुरू होती. अण्णा न कळवता आले होते. मी त्यांच्याशी बोलणं तोवर जवळजवळ बंद केलं होतं. फाटकाशी ते उभे होते, धुळीने माखलेले, आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. त्या हसण्याचाच मला राग आला.

"वैजू, अगं, कौतिकाचं..." ते म्हणाले.

"तुमच्या तोंडून मला ते नाव ऐकायचं नाही," मी म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "ती गेली त्याला मी जबाबदार आहे. मला ते मान्य आहे, बाई. मला शेटजींना थांबवता आलं नाही. पण तू ऐकून तरी घे."

"काय ऐकू? तुम्ही हात पसरून उभे होतात ते मी पाहिलंय."

त्यांना यातलं काय कळलं असेल? त्यांना वाटलं असणार, मैत्रिणीला घालवून दिलं म्हणून ही माझ्यावर एवढी रागावली आहे. ते खाली बघत राहिले. पिशवीतून त्यांनी एक कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "लग्नातले लाडू आहेत," म्हणाले. कोणाच्या लग्नातले, ते मी विचारलं नाही. ते रस्ता ओलांडून स्टँडकडे गेले. पुडी मी खोलीतल्या मुलींना देऊन टाकली.

मग माझं पुस्तक आलं. त्यातली 'गंजी' गाजली. आई तेव्हा होती. ती एकदा फोनवर म्हणाली, "अण्णांनी वाचली तुझी कविता. म्हणाले, कवितेत माणसं मारावी लागत असतील." मी म्हटलं, "मी खोटं काही लिहिलेलं नाही." तिने अण्णांना ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ती त्याच वर्षी वारली. अण्णा मग बरीच वर्षं एकटे राहिले आणि एकटेच वारले. मी तेव्हा भोपाळला एका संमेलनात होते. निरोप मिळाला तेव्हा निघता आलं असतं. चुलतभावाने अग्नी दिला.

हे सगळं मी कौतिकाला सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, "त्यांनी मला सांगितलं नाही. मी त्यांना सांगू दिलं नाही."

ती प्रणिताकडे मान वळवून म्हणाली, "आता हिच्या पेपरात प्रश्न येते, कौतिकाच्या मरनाचा अर्थ सांगा. हे लिवते. लिहाच लागते. मार्क जाते नाई तं."

प्रणिता म्हणाली, "आई, गप ना."

"मी ती कविता काढून टाकते," मी म्हटलं. "पुढच्या आवृत्तीत ती राहणार नाही. विद्यापीठालाही कळवते."

"कायले?"

"खोटी आहे ती."

कौतिका उठली. तिला उठायला वेळ लागला. पदर सारखा करत म्हणाली, "राहू दे. मी जिती होती तं मले कोनी शोधाले आलं नाई, एक तुया बाप सोडून. त्या कवितेत तरी तू हाये माह्या मांगं."

तिने मला घरी जेवायला बोलावलं. मी गेले. दोन खोल्यांचं घर होतं, अंगणात तुरीच्या तुराट्यांची मोळी रचलेली. शेजारच्या बाया बघायला आल्या. कौतिकाने त्यांना सांगितलं, "हे माही लहानपनची." पुढे काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, मलाही नाही. आम्ही तिच्या मुलांबद्दल, पावसापाण्याबद्दल, नागपूरच्या उन्हाबद्दल बोललो. चाळीसेक वर्षं रोज जिच्याशी मनात बोलत आले होते, तिच्याशी बोलायला माझ्याकडे विषय नव्हता. माझी कौतिका आठ वर्षांची होती आणि ती भिंतीवरून उडी मारत होती. या बाईच्या गुडघ्यांत कळा येत होत्या आणि तिला मोठ्या सुनेची काळजी होती.

ती त्यानंतर चार वर्षं जगली. मी दोनदा जाऊन आले. शेवटच्या वेळी तिला फार दम लागत होता. मी पलंगाशी बसले आणि ती बहुतेक वेळ डोळे मिटून पडली होती. प्रणिता शिक्षिका झाली. तिच्या लग्नाला मी गेले होते.

कविता मी काढली नाही. पण त्या दिवसापासून ती कुठे वाचलीही नाही. नवी लिहायलाही बसले. दोरी, कमरेला गाठ, पोटावर सरपटत जाणारा माणूस, एवढं सगळं हाताशी असूनही ओळ उमटेना. जे मी पाहिलंच नव्हतं ते मला आठवता येत नव्हतं, आणि जे आठवत होतं त्यावर आता माझा विश्वास राहिला नव्हता. माझ्या कविता तिथे थांबल्या. लोकांना वाटलं, वय झालं.

कॉलेजातल्या त्या भेटीनंतर परतताना मी नागपूरला न जाता आर्वीची गाडी धरली. अण्णांनी शेवटची वर्षं तिथे भोयर नावाच्या कुटुंबाकडे एक खोली घेऊन काढली होती. त्यांच्या हयातीत मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. भोयरकाकू घरीच होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "या ना, आत या."

खोलीत आता त्यांचा नातू राहत होता. भिंतीवर क्रिकेटवाल्यांची चित्रं होती. मी विचारलं, "फार त्रास झाला का त्यांना शेवटी?"

"खोकला फार होता. पण कुरकुर नाही. एकदम सरळ माणूस," काकू म्हणाल्या. "एकच हट्ट होता त्यांचा. आम्ही खोली दिली तेव्हा खाटेवर गादी घालून दिली होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती गुंडाळून बाहेर ठेवली. थंडीतसुद्धा चटईवर. उशी नको, रजई नको. नुसती घोंगडी. मी म्हटलं, अण्णा, एवढं आयुष्य कापसात काढलेले तुम्ही, अंगाखाली थोडा कापूस नको का? तर म्हणाले, कापसावर मला झोप येत नाही. आत कोणीतरी आहे असं वाटतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. प्रवासाने माझा चेहरा उतरला असावा.

"दमलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "गाडीला अजून वेळ आहे. जरा आडव्या व्हा. गादी टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "चटई असेल तर द्या."